हळदीचा रंग व्हिडिओत खरा कसा उतरवायचा, आणि ड्रोन-एआयचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचा हळदीचा व्यापार आहे, आजोबांपासूनचा. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या नावाने हळद पावडरीची पाकिटं काढली. एका एजन्सीने साठ हजारांचं पॅकेज सांगितलंय. त्यात ड्रोन शूटिंग, एआयने बनवलेले बारा रील आणि ३६० अंशांचा व्हिडिओ आहे. घ्यावं का? की घरच्या घरी काही जमेल? एक चांगला फोन आहे आणि बहिणीला एडिटिंगची आवड आहे."

आत्ता घेऊ नका. त्या साठ हजारांतले आठ-दहा हजार यंदा लागतील. बाकीचे कशावर घालायचे ते वर्षभराने तुम्हालाच कळलेलं असेल.

मी सांगली-मिरज भागात अठरा वर्षं कॅमेरा चालवतोय. सुरुवात लग्नांपासून झाली, मग द्राक्षबागायतदार, बेदाण्याचे शेडवाले, मसाल्याचे छोटे कारखाने यांचं काम येत गेलं. सुरुवातीला मीही असलीच पॅकेजेस विकली आहेत. एका मसालेवाल्यांसाठी आठ मिनिटांची फिल्म केली होती. वरून दिसणारं शेत, संथ संगीत, भारदस्त आवाजातलं निवेदन. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केलं, पण त्या फिल्ममुळे एखादं गिऱ्हाईक आल्याचं त्यांना आजही आठवत नाही. त्याच दिवशी मी त्यांच्या आईंचा एक तुकडा सहज घेऊन ठेवला होता. आई परातीतलं हळकुंड उचलतात, टचकन मोडतात, मोडलेलं टोक कॅमेऱ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "हे बघा, आतनं असं केशरी दिसलं पाहिजे." वीस सेकंदांचं काम. त्यांनी तो तुकडा व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावला आणि पाहुण्यांच्या पाहुण्यांकडून चौकशा यायला लागल्या. तेव्हापासून कुठल्याही उद्योगात गेलो की कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधी मी एकच विचारतो, गिऱ्हाईक फोनवर तुम्हाला काय विचारतं?

तुम्हीही आधी तेच करा. काउंटरवर एक वही ठेवा आणि पंधरा दिवस येणारा प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहून काढा. हळदीच्या धंद्यातले प्रश्न मला साधारण माहीत आहेत. यात रंग घातलाय का? सेलम आहे की राजापुरी? नवी की गेल्या सालची? दळून किती दिवस झाले? दुकानातल्या हळदीपेक्षा महाग का? यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक व्हिडिओ. चाळीस ते साठ सेकंदांचा, एका प्रश्नाला एकच उत्तर, आणि उत्तर तोंडाने सांगण्याआधी डोळ्यांना दिसलेलं. "रंग घातलाय का" याचं उत्तर म्हणून "आमची हळद शंभर टक्के शुद्ध" असं वाक्य म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चमचाभर हळद सोडा आणि ग्लास न हलवता कॅमेरा चालू ठेवा. शुद्ध पावडर खाली बसते आणि पाण्याला फिकट पिवळा रंग येतो. कृत्रिम रंग मिसळलेला असेल तर पावडर बसताना पाणी गडद पिवळं होत जातं. एफएसएसएआय म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घरगुती तपासण्यांमध्ये हीच पद्धत दिली आहे. हा प्राथमिक अंदाज आहे, खात्रीची तपासणी प्रयोगशाळेत होते, हेही त्याच व्हिडिओत बोला. आणि प्रयोगशाळेचा अहवाल असेल तर तो कागद वाचता येईल इतक्या जवळून दाखवा.

आता सगळ्यात घाईची गोष्ट, सीझन. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद जानेवारीपासून निघायला लागते. हळद शिजवायचा कुकर पेटलेला, वाफा निघतायत, खळ्यावर हळद वाळत पडलीय, पॉलिशचा ड्रम फिरतोय, ही दृश्यं मार्चअखेरीपर्यंतच मिळतात. जुलैत कुणी कितीही पैसे दिले तरी ती परत उभी करता येत नाहीत. आणि एजन्सीवाले नेमके तेव्हाच एआयकडे वळतात. वर्षभराचा माल जसा सीझनला भरून ठेवता तसंच हे शूटिंगही भरून ठेवा. ज्या शेतकऱ्यांकडून माल घेता त्यांच्यापैकी दोघा-तिघांना आत्ताच विचारून ठेवा. काढणीचा एक दिवस, शिजवण्याचा एक, पॉलिशचा एक आणि तुमच्याकडे दळणाचा एक, असे चार दिवस फोन घेऊन जा. प्रत्येक दृश्य निदान पंधरा सेकंद, फोन न हलवता, आणि उभ्या चौकटीत घ्या. रील, शॉर्ट्स, स्टेटस सगळं उभंच चालतं. शिजवण्याचं काम पहाटेच्या उजेडात टिपा. मागून कोवळं ऊन आलं की वाफ उठून दिसते, दुपारी त्याच वाफेचं नुसतं धुकट होतं.

आता हळदीच्या रंगाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हळदीचे निम्मे व्हिडिओ इथेच फसतात आणि का फसले ते कुणाला कळत नाही.

फोनचा कॅमेरा चौकटीतला एकूण रंग बघून उजेड कसा आहे याचा अंदाज बांधतो. बल्बचा पिवळट उजेड असेल तर पिवळेपणा काढून टाकायचा, असा त्याचा हिशोब असतो. तुम्ही परातभर हळद जवळून धरली की चौकट पिवळीच पिवळी होते, कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो निळ्याच्या बाजूला सरकतो. तुमची केशरी झाक असलेली उत्तम हळद पडद्यावर फिकट लिंबासारखी दिसते. हात परातीच्या जवळ नेला की रंग बदलतो, लांब नेला की पुन्हा बदलतो. बघणाऱ्याला वाटतं, यात काहीतरी फिल्टर लावलाय.

यावर उपाय सोपा आहे. व्हिडिओच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे सेटिंग हाताने बदलता येतात तिथे, व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवरून काढा. खिडकीच्या उजेडात ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास ठेवा, शेजारी पांढरा कागद धरून तो पांढराच दिसतोय ना ते बघा, आणि मग त्याला पुन्हा हात लावू नका. प्रो मोड नसेल तर चौकटीत नेहमी काहीतरी पांढरं राहू द्या. पांढरी कापडी पिशवी, स्टीलच्या परातीऐवजी पांढरी चिनीमातीची बशी, पांढऱ्या सदऱ्याची बाही, काहीही चालेल. दुसरं म्हणजे उजेड किंचित कमी ठेवा. फोनच्या पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड स्थिर होतो, मग बोट थोडं खाली ओढायचं. पिवळा रंग फार लवकर जळतो, आणि जळाला की पावडरीचा बारीकपणा दिसत नाही, नुसता एक सपाट पिवळा डाग उरतो. खिडकीला काटकोनात बसा, समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा. त्याहून महाग दिवा लागत नाही. बहिणीला मात्र एक गोष्ट निक्षून सांगा, एडिटिंगमध्ये रंग वाढवायचा नाही. पाकीट फोडल्यावर गिऱ्हाईक पहिल्यांदा रंगच पडताळून बघतं. व्हिडिओतली हळद आणि हातातली हळद वेगळी दिसली तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

गोदामात ट्यूबलाइटखाली शूटिंग करताना पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात, ते फोन बिघडल्यामुळे नसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभरदा मिणमिणतो. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे जातात. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये PAL फॉरमॅट सुरू करून सेकंदाला २५ फ्रेम्स निवडता येतात.

आवाजासाठी पैसे खर्च करा. नाटकाच्या गावात हे वेगळं सांगायला नको. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला नाही तर पुढचा सगळा थाट वाया जातो. चित्र थोडं साधं असलं तर लोक चालवून घेतात, पण आवाज घुमला की लगेच पुढे सरकतात. कॉलरला लावायचा बिनवायरचा माइक दोन-तीन हजारांत मिळतो. बोलताना पंखा बंद, गिरणी बंद. गिरणीचा, पॉलिशच्या ड्रमचा, हळकुंड मोडल्याचा आवाज वेगळा घ्या आणि तो व्हिडिओत राहू द्या. त्यावर गाणं घालू नका. त्या आवाजावर माणूस थांबतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

गाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सिनेमातलं गाणं धंद्याच्या व्हिडिओला लावणं हा कॉपीराइटचा भंग आहे. इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्याला बरीचशी गाजलेली गाणी मिळतही नाहीत, ती याच कारणाने. मी केलेल्या एका व्हिडिओचा आवाज ऐन दिवाळीच्या आठवड्यात बंद झाला होता आणि मालकांना उत्तर देताना मला फार वाईट वाटलं. संगीत हवंच असेल तर यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी किंवा मेटाचं साउंड कलेक्शन वापरा.

आता एआय. मी त्याच्या विरोधात नाही, रोज वापरतो. मागचा गोंगाट काढणं, चाळीस मिनिटांच्या बोलण्यातून कामाचा मिनिट शोधणं, मराठी बोलण्याचा हिंदी मसुदा करणं, खाली मजकूर लिहिणं, ही कामं पूर्वी दोन दिवस खायची, आता तासाभरात होतात. बहिणीला हे सगळं शिकू द्या. फक्त खालचा मजकूर स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. हळकुंड, जेठा गड्डा, बगल गड्डा या शब्दांचं मी वापरलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरने काहीतरी भलतंच केलंय. आणि मजकूर लागतोच, कारण बसमध्ये, ऑफिसात बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात.

पण शेत, शेतकरी, हळद, कारखाना यांचं चित्र एआयकडून बनवून घेऊ नका. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने असा व्हिडिओ करून घेतला. दिसायला सुंदर होता. पण त्यातली बाई हळदीचं रोप उपटते तेव्हा खाली गाजरासारखा एकच लांब कंद लोंबताना दिसत होता. हळदीचा गड्डा कसा असतो, मधला जेठा आणि त्याला चिकटलेली हळकुंडं, हे आपल्याकडच्या पोराटोरांनाही माहीत आहे. कसबे डिग्रजला हळद संशोधन केंद्र आहे, फुले स्वरूपा हे वाण तिथलं. त्या शिवारातल्या शेतकऱ्यांनी दहा मिनिटांत खाली लिहायला सुरुवात केली, "ही हळद कुठल्या गावची?" व्हिडिओ काढून टाकावा लागला. मालात काही दोष नव्हता, पण संशय मालावर गेला. खऱ्यासारखं दिसणारं बनावट दृश्य टाकताना तसं जाहीर करावं, असा यूट्यूबचा २०२४ पासूनचा नियमही आहे. ज्या मालावर भेसळीचा संशय आधीपासूनच घेतला जातो, त्याच्या जाहिरातीवर "हे दृश्य कृत्रिम आहे" अशी पट्टी आली तर गिऱ्हाईक काय समजेल?

ड्रोनचं थोडक्यात. तुमच्या पाकिटाला त्याचा उपयोग कमी. वाळत घातलेल्या हळदीचं खळं वरून फार देखणं दिसतं, तेवढ्या एका दृश्यासाठी अर्ध्या दिवसाचं भाडं देऊन माणूस बोलवा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ते त्याच्याकडे आहे का आणि ती जागा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर हिरव्या भागात येते का, हे आधी विचारा. ३६० अंशांचा व्हिडिओ सातारा-कास रस्त्यावरच्या एखाद्या कृषिपर्यटनवाल्यांनी करावा, त्यांना जागाच विकायची असते. तुम्हाला नको.

व्हिडिओ टाकायचे कुठे? तुमच्या बाबतीत मी व्हॉट्सअ‍ॅप पहिलं म्हणेन. बिझनेस अ‍ॅप घ्या, कॅटलॉगमध्ये पाकिटं आणि दर भरा, वारंवार येणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरं साठवून ठेवा. "कुठली हळद?" असं विचारणाऱ्याला शेतातला चाळीस सेकंदांचा तुकडा तिथेच पाठवता आला पाहिजे. दुसरं गुगलवरचं तुमच्या दुकानाचं प्रोफाइल. आपल्याकडचे बहुतेक व्यापारी तिथे बोर्डाचा एक फोटो टाकून थांबतात. तिथे ३० सेकंदांपर्यंतचा, ७५ एमबीपर्यंतचा व्हिडिओ टाकता येतो, आणि पुण्याहून सांगलीला आलेला माणूस हळद कुठे घ्यायची हे तिथेच बघतो. यूट्यूबचे शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत चालतात, पण तुम्ही मिनिटाच्या आत राहा. तिथला व्हिडिओ दोन-तीन वर्षांनीही शोधात सापडतो, रीलचं आयुष्य सहसा तेवढं नसतं. "हळद महाग का" सारखे प्रश्न यूट्यूबवर जाऊ द्या, काढणीची, कुकरची, पॉलिशची दृश्यं इन्स्टाग्रामवर.

एका जागेवर सगळं सोपवू नका. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी पोरांची वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी इथेच सुरू केली, पण जुने व्हिडिओ आणि जुनी माणसं बऱ्याच जणांना परत मिळाली नाहीत. मूळ फाइली आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर तुमच्याकडे पाहिजेत. फाइलींच्या दोन प्रती करा, आणि त्यातली एक वरच्या मजल्यावर किंवा क्लाउडवर. २०१९ च्या महापुरात माझ्या तळमजल्यावरच्या हार्ड डिस्क गेल्या. त्यात एका आजोबांनी हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांची, सांगितलेली सगळी माहिती होती. अरुंद तोंडातून आत कसं उतरायचे, आत हवा आहे का हे आधी कसं बघायचे, २००५ च्या पुरात पेवांत पाणी कसं शिरलं. आजोबा आता नाहीत. तुमच्या आजोबांना पेवातली हळद आठवत असेल तर या आठवड्यातच त्यांना खिडकीशी बसवा आणि बोलू द्या. त्या मुलाखतीतून वर्षभर पुरतील इतके तुकडे निघतील, पण नाही निघाले तरी ती करून ठेवा.

दाव्यांबद्दल मी कडक आहे. हळदीने मधुमेह बरा होतो, कर्करोग होत नाही, असं एक वाक्यही कुणाच्या तोंडून जाऊ देऊ नका. १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा या दोन्ही आजारांची नावं घेऊन असल्या जाहिरातींना मनाई करतो. शिवाय कुणीतरी घरातली गोळी बंद करून हळद खाईल, त्याची जबाबदारी कोण घेणार? तसंच सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते अभिमानाने सांगा, पण तुमच्या पाकिटावर आणि व्हिडिओत ते चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. आणि त्या नावाखाली बाहेरच्या राज्यातली हळद कधीही भरू नका. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक व्हिडिओच्या शेवटच्या चौकटीत दिसू द्या.

पाकिटावर क्यूआर कोड छापायचा विचार असेल तर फार चांगलं. कोड स्कॅन केला की त्या खेपेची हळद कुणाच्या शेतातली, कधी शिजवली, कधी दळली, हे एका मिनिटात दिसावं. मात्र कोड थेट एका यूट्यूब व्हिडिओला जोडू नका. तिथला व्हिडिओ काढून त्याच लिंकवर दुसरा ठेवता येत नाही, आणि तुमची दहा हजार पाकिटं तर छापून झालेली असतात. स्वतःच्या वेबसाइटचं एक पान किंवा निदान प्लेलिस्ट जोडा, म्हणजे आतला व्हिडिओ दर खेपेला बदलता येईल. शेतकऱ्याचं नाव-गाव दाखवण्याआधी त्यांची लेखी संमती घ्या.

किती जणांनी पाहिलं याकडे पहिले सहा महिने लक्ष देऊ नका. फोन आला की "आमच्याबद्दल कुठून कळलं?" एवढं विचारा आणि त्याच वहीत लिहा. यूट्यूबवर मात्र लोक कितव्या सेकंदाला सोडून जातात तो आलेख बघा. बहुतेक वेळा ते नमस्कार-स्वागत आणि लोगो चालू असतानाच जातात. म्हणून पहिल्याच क्षणी हळकुंड मोडा, नमस्कार नंतर. एखाद्या व्हिडिओवर खरोखर चौकशा आल्या तर त्याच व्हिडिओमागे रोज दोन-तीनशे रुपये लावून पुणे, मुंबई, कोल्हापूर एवढ्याच शहरांत दाखवून बघा. एजन्सीचे उरलेले पैसे तिथे कामी येतील. आणि फोन घ्यायला माणूस ठेवा. दुपारी दोन ते चार दुकान बंद म्हणून फोनही बंद, असं चालणार नाही. बाहेरगावचं गिऱ्हाईक जेवणाच्या सुट्टीतच फोन करतं.

वही भरली की पहिले तीन प्रश्न निवडा आणि कॅमेऱ्यापुढे कोण बोलणार ते ठरवा. माझं मत विचाराल तर आईला किंवा आजीला बसवा. त्या तुमच्यापेक्षा जास्त वेळा हळद पारखून बसल्या आहेत. पहिला व्हिडिओ झाला की टाकण्याआधी मला पाठवा, रंग आणि आवाज बघून सांगतो. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल दाबली जाते आणि रंगातला दोष तुमचा की व्हॉट्सअ‍ॅपचा हे मला कळणार नाही.